आई मला ओळखत नाही. मग 'ती' आता कुठे आहे? (ख्रिस्ती विचारातले जीव, आत्मा, शरीर)

नगरी_माती

आई एक्याऐंशी वर्षांची आहे. बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, संडे स्कूलमध्ये त्याहून जास्त. चार वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. हल्ली ती मला बहुतेक वेळा आपला थोरला भाऊ समजते. काही दिवस तेही नाही. "तुम्ही कोणाकडे आलात?" असं अदबीनं विचारते आणि माझ्या बायकोला सांगते, "पाहुण्यांना चहा ठेव गं."

गेल्या महिन्यात एक जुने पाळक भेटायला आले होते. जाताना दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. थकलंय ते शरीर. आईचा आत्मा आत जसाच्या तसा आहे. ही कुडी सुटली की ती पुन्हा मोकळी." माणूस प्रेमळ आहे, बोलले तेही प्रेमानंच. पण ते गेल्यावर मी तिच्यासमोर बसून राहिलो. आत म्हणजे कुठे? आणि खरी आई आत कुठेतरी असेल, तर जिला मी रोज आंघोळ घालतो, जिची वेणी घालायला मी या वयात शिकलो, ती कोण?

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे हा धागा काढतोय. नावं गेली, वर्षं गेली, पण तांदळाचं ताट पुढ्यात ठेवलं की तिची बोटं चालू लागतात. खडे डावीकडे, साळीचे दाणे उजवीकडे, स्वच्छ तांदूळ तळहाताच्या कडेनं पुढे. एक खडा चुकत नाही. ना. वा. टिळकांचं एखादं भजन कोणी सुरू केलं तर दुसरी ओळ ती उचलते, चालीसकट. म्हणजे जे टिकलंय ते 'आत' नाही टिकलेलं. ते बोटांत आणि गळ्यात टिकलंय. ज्याला आपण टरफल म्हणतो त्यानंच माझी आई धरून ठेवली आहे.

मग बायबल उघडून बसलो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत प्राणी होतो. तिथे मूळ हिब्रू शब्द 'नेफेश'. माणसाला नेफेश 'मिळाला' असं तिथे म्हटलेलं नाही, माणूस नेफेश 'झाला' असं म्हटलंय. पहिल्या अध्यायात पाण्यातल्या जलचरांनाही हाच शब्द आहे. गणनेच्या सहाव्या अध्यायात तर प्रेतालाही. आणि ६९व्या स्तोत्रात पाणी गळ्याशी आलं म्हणताना गळ्यासाठीही हाच शब्द.

मराठी बायबलमध्ये स्तोत्रांत नेफेशला बहुतेक ठिकाणी 'जीव' म्हटलंय. हरिणी पाण्यासाठी लुलपते तसा माझा जीव लुलपतो. हे माझ्या जिवा. मला वाटतं ही भाषांतरकारांची मोठी देणगी आहे. कारण आपला जीव घाबरा होतो, जीव तुटतो, जीव लागतो, जीव भांड्यात पडतो, जिवाला खायला लागतं. मराठी जीव उपाशी राहतो, त्याला तहान लागते. पण आपण श्रद्धांजली लिहायला बसलो की एकदम 'आत्मा' येतो: अमर, अविनाशी, देहाचं जुनं वस्त्र टाकून निघून जाणारा. आम्ही ख्रिस्ती लोकसुद्धा 'आत्म्यास शांती लाभो' लिहितो आणि रविवारी चर्चमध्ये 'शरीराच्या पुनरुत्थानावर' विश्वास असल्याचं एका सुरात म्हणतो. ही ओळ ज्यातली, त्या प्रेषितांच्या मतांगीकारात (आमच्या श्रद्धेच्या कबुलीत) आत्म्याच्या अमरत्वाचा शब्दही नाही.

आत्मा आणि शरीर यांबद्दल आपापल्या मंडळीत काय शिकवलं जातं, आणि माझ्या आईसारख्या माणसाबद्दल त्यातून काय निघतं, हे कृपया लिहा. कोणत्याही पंथाचे असा. कोणत्याही धर्माचेही.

वसई_किनारा

दादा, आधी आईंना नमस्कार. मी वसईची, कॅथलिक. धर्मशिक्षणाचे वर्ग घेते, त्यामुळे थोडं विस्तारानं लिहिते.

तुमचे पाळक जे बोलले ते आपल्याकडे सगळेच बोलतात, आमच्या घरातही. पण ते चर्चचं शिक्षण नाही, ते प्लेटोचं आहे. देह हा तुरुंग, मृत्यू ही सुटका, हा ग्रीक विचार. पहिल्या शतकांतले कितीतरी ख्रिस्ती विचारवंत त्यावरच वाढले, म्हणून तो आमच्या प्रवचनांत शिरला आणि बसला.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा हात धरून वेगळी मांडणी केली. आत्मा ही शरीरात ठेवलेली वस्तू नाही. आत्मा हे शरीराचं 'रूप' आहे, म्हणजे ज्याच्यामुळे हे नुसतं मांस-हाडं न राहता जिवंत माणूस होतं ते. मेणावर ठसा उठला की ठसा आणि मेण वेगळे काढून दाखवता येत नाहीत, तसं. १३१२ साली फ्रान्समधल्या व्हिएन्नच्या धर्मपरिषदेनं हे अधिकृत शिकवण म्हणून स्वीकारलं. आजचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही हेच सांगतो की माणसात आत्मा आणि जडद्रव्य अशा दोन प्रकृती जोडलेल्या नाहीत, दोन्ही मिळून एकच प्रकृती आहे.

करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायावर भाष्य करताना अक्वायनस एक वाक्य लिहून जातात, ते मला पहिल्यांदा वाचताना हादरवून गेलं होतं: 'माझा आत्मा म्हणजे मी नव्हे.' आणि पुढे म्हणतात की नुसत्या आत्म्याचं तारण झालं तर माझं तारण झालं असं होत नाही. मृत्यूनंतर आत्मा देवाजवळ राहतो असं आम्ही मानतो, पण तो अर्धा राहतो, शरीराची वाट पाहत.

म्हणून तर आमच्याकडे अंत्यविधीत शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, धूप दाखवतात. वेदीला धूप दाखवतात तसाच. वडील गेले तेव्हा फादर पेटीभोवती फिरताना साखळीचा जो आवाज होत होता तो अजून माझ्या कानात आहे. टरफलाला कोणी धूप दाखवत नाही. अग्निसंस्काराला आमच्याकडे १९६३ साली परवानगी मिळाली, पण २०१६ साली रोमनं पुन्हा स्पष्ट केलं की राख उधळायची नाही, घरात वाटूनही घ्यायची नाही, पवित्र जागी ठेवायची. २ नोव्हेंबरला आमच्या दफनभूमीत जी मेणबत्त्यांची रांग लागते ती यासाठीच. आम्ही त्या जागेला माणूस मानतो.

तुमच्या आईंच्या बोटांत तुम्हाला आई दिसते, ते तुम्ही बरोबर पाहताय.

आभाळमाया

मी ख्रिस्ती नाही. सासूबाईंना सहा वर्षं सांभाळलं, त्याच आजारात. एकच सांगते. "मला ओळखलंत का?" हे विचारणं बंद करा. आम्ही सगळे येता-जाता विचारायचो. त्यांच्या चेहऱ्यावर नापास होणाऱ्या मुलासारखी भीती यायची. ते फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

पहाट_पुणे

मी सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट घरातला. धागाकर्त्यांनी उत्पत्तीचं वचन दिलं तेच आमच्या शिकवणीचं मूळ आहे. माती आणि श्वास मिळून जीव. श्वास काढून घेतला की माती उरते, जीव कुठे 'जात' नाही. दिवा मालवल्यावर उजेड कुठे गेला, असं आपण विचारत नाही. बायबलमधलं उपदेशकाचं पुस्तक म्हणतं की मेलेल्यांना काहीच कळत नाही. लाजर मेला तेव्हा येशूनं 'आपला मित्र झोपला आहे' असंच म्हटलं. चार दिवसांनी येशूच्या हाकेवर लाजर कबरीबाहेर आला आणि स्वर्गात काय पाहिलं याबद्दल एक शब्द बोलला नाही.

म्हणून आमच्या मते मृत्यू ही झोप आणि पुनरुत्थान ही जाग. मधला काळ मेलेल्याला जाणवतच नाही. डोळा मिटला आणि उघडला, समोर प्रभू. मार्टिन ल्यूथरही मृत्यूबद्दल वारंवार झोप म्हणूनच बोलत असे. अमर फक्त देव आहे. आपल्याला अमरत्व मिळतं ते देणगी म्हणून, स्वभावानं नाही. माझी आजी गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. 'ती वरून तुला बघते' असं मला कोणी सांगितलं नाही. 'ती झोपली आहे आणि येशूला तिची जागा ठाऊक आहे' असं सांगितलं. मला ते पुरलं.

जुने_करार

पहाट, तुमच्या आजीबद्दलचं मनाला भिडलं. पण वचनांचा हिशेब पुरा व्हायला हवा. येशू शेजारच्या क्रूसावरच्या चोराला म्हणतो, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील.' पौल फिलिप्पैकरांना लिहितो की येथून सुटून ख्रिस्ताजवळ असावं अशी त्याला उत्कंठा आहे. नुसती झोप असेल तर उत्कंठा कशाची? धर्मसुधारक कॅल्व्हिननं १५३४ साली, पंचविशीत, आपलं पहिलं धर्मशास्त्रीय पुस्तक लिहिलं तेच 'आत्मा झोपतो' या मताच्या विरोधात. आमची प्रेस्बिटेरियन परंपरा त्याच बाजूची.

पहाट_पुणे

चोराच्या वाक्यात 'आज' कुठे जोडायचं हा प्रश्न आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं नव्हती. 'मी तुला आज खचीत सांगतो' असंही वाचता येतं.

जुने_करार

वाचता येतं, पण येशू इतर ठिकाणी 'मी तुला खचीत सांगतो' म्हणतो तेव्हा 'आज' जोडत नाही. तुमचं वाचन मला ओढून-ताणून वाटतं. मात्र एक मान्य करतो. आमच्या मंडळ्यांत या मधल्या काळावर इतकं बोललं जातं की शेवटची गोष्ट, शरीराचं उठणं, तळटीप होऊन बसते. १९५५ साली धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमान यांनी हार्वर्डमध्ये व्याख्यान दिलं होतं, त्यात सॉक्रेटिसच्या आणि येशूच्या मरणाची तुलना होती. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण त्याच्या लेखी मरण मित्र आहे. येशू अटकेआधी गेथशेमाने बागेत विव्हळ होतो, पेला टळावा म्हणून विनवतो. कारण बायबलच्या लेखी मरण हा शत्रू आहे, शेवटचा शत्रू. लाजराला पुढच्या क्षणी उठवायचंय हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. धागाकर्त्यांनी आईपाशी बसून रडावं याला याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

न्यूरॉन

मी मेंदूविकारतज्ज्ञ. माझा कुठल्याच धर्मावर विश्वास नाही, पण धागा मनापासून वाचतोय. तांदळाचं कोडं शास्त्रानं बऱ्यापैकी उलगडलंय. अल्झायमर प्रकारात हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा भाग लवकर झिजतो, म्हणून नव्या घटना आणि नावं जातात. हातांनी हजारदा केलेल्या कामांची स्मृती बेसल गँग्लिया आणि लहान मेंदूच्या आधारानं चालते, ती बरीच पुढपर्यंत टिकते. ओळखीचं संगीतही अनेकांत उशिरापर्यंत टिकतं.

१८४८ साली फिनिअस गेज नावाच्या अमेरिकन रेल्वे कामगाराच्या कवटीतून लोखंडी सळई आरपार गेली. तो वाचला, पण त्याला ओळखणारे म्हणाले की हा आता तो गेज राहिला नाही. मेंदू बदलला की स्वभाव बदलतो हे मी दर आठवड्याला पाहतो. मग आत्म्यानं करायचं असं काय उरतं? प्रश्न प्रामाणिक आहे.

वसई_किनारा

डॉक्टर, तुमचा प्रश्न 'शरीरातला पाहुणा' असलेल्या आत्म्याला अडचणीत आणतो. १६४१ साली देकार्तनं मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं मानली आणि ती एकमेकांना कशी हलवतात याचं नीट उत्तर बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथला त्याला देता आलं नाही. अक्वायनसच्या मांडणीत मात्र मेंदू झिजला तर विचार अडखळणारच. माणूस विचार करतो तो शरीरासकट. आता, शरीराविना आत्मा काही काळ तरी कसा राहतो, हा आमचा खरा अवघड भाग. त्यावर अक्वायनसनीही पानंच्या पानं खर्ची घातली आहेत, आणि मला ते सगळं पटतं असं मी म्हणणार नाही.

जुने_करार

डॉक्टर, आमच्यातही सगळे एका बाजूला नाहीत. नॅन्सी मर्फी या धर्मशास्त्रज्ञ वेगळा आत्मा न मानता ख्रिस्ती राहतात. त्यांच्या मते माणूस शरीरच आहे, पण देवाशी बोलू शकणारं शरीर. तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न उलट आत्मा वेगळा आहे असं तर्कानं मांडतात. दोघंही पुनरुत्थानावर ठाम.

वाळवंट_पंढरी

वारकरी घरातला आहे. 'आत्मा' शब्दावर एवढंच म्हणेन की आमच्याकडे घट फुटला तरी आतलं आकाश आकाशाला मिळतं, असा दाखला देतात. तिथे आई नावाची वेगळी कोणी उरावी हा आग्रह नसतो. तुमच्याकडे मात्र अमुक बाई, तिच्या बोटांसकट, परत हवी आहे. हा फरक मला आज पहिल्यांदा नीट कळला. म्हणून 'आत्मा' हा एकच शब्द दोघं वापरत असलो तरी आपण दोन वेगळ्या गोष्टी बोलतोय. 'जीव' शब्दात मात्र आपण शेजारी आहोत.

केडगाव_लाईन

उशिरा आलो. सेमिनरीत शिकलोय, आता रुग्णालयात आजाऱ्यांसोबत बसायचं काम करतो. सगळे आत्मा-शरीरावर बोललात. मला 'व्यक्ती' या शब्दावर बोलायचंय, कारण 'ती आता ती राहिली नाही' हे वाक्य तिथून येतं.

१६९४ साली इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं लिहिलं की व्यक्ती तीच राहते ती जाणिवेच्या सलगतेमुळे. मी कालचा मीच, कारण मला काल आठवतो. हा विचार आपल्या सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलाय की स्मृती गेली की माणूस गेला असं आपण सहज बोलतो. हा लॉक बोलत असतो, शास्त्र नाही.

ख्रिस्ती मंडळीत 'व्यक्ती' हा शब्द घडला तो माणसाबद्दल बोलताना नव्हेच. चौथ्या-पाचव्या शतकात, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव) आणि ख्रिस्त यांबद्दल बोलायला शब्द सापडेना म्हणून तो घासूनपुसून घेतला. पिता हा पिता आहे तो पुत्रामुळे. म्हणजे व्यक्ती ही नात्यात व्यक्ती असते. नंतर तत्त्वज्ञ बोएथियसनं 'विवेकी स्वभावाची स्वतंत्र सत्ता' अशी व्याख्या केली. तिचाही लोक गैरअर्थ काढतात. तो स्वभावाबद्दल बोलतोय, आज विवेक किती चालतो याच्या परीक्षेबद्दल नाही. झोपलेला माणूस, तान्हं मूल, तुमची आई, सगळे त्यात पूर्ण बसतात. उत्पत्तीतलं 'देवाचं प्रतिरूप' हेही कोणाच्या बुद्ध्यांकावर ठरलेलं नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या विधवा, आंधळ्या मुली, कोणाला नको असलेल्या बायका घेतल्या, त्या या एका शब्दाच्या बळावर. त्याच बाईंनी उतारवयात हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, ते छापून पुरं झालं १९२४ला.

आणखी एक, जे मी रुग्णांच्या घरच्यांना नेहमी सांगतो. चौथ्या शतकात अपोलिनारियस म्हणाला की येशूला शरीर माणसाचं होतं, पण मनाच्या जागी 'देवाचा शब्द', म्हणजे देवच, होता. मंडळीनं ३८१ साली हे नाकारलं. नाझियांझसचा ग्रेगरी म्हणाला, 'जे त्यानं धारण केलं नाही ते बरं झालं नाही.' म्हणजे देवानं माणसाचं मनही घेतलं, थकणारं, घाबरणारं, क्रूसावर 'मला का सोडलंस' म्हणणारं. तुमच्या आईचं विस्कटलेलं मन त्या घेतलेल्यात आहे.

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला जॉन स्विंटन धर्मशास्त्र शिकवतात. आधी मानसिक आरोग्य विभागात नर्स होते. ते म्हणतात की आपण कोण आहोत हे आपल्या स्मृतीवर नाही, देवाच्या स्मृतीवर टिकून आहे. यशयाच्या ४९व्या अध्यायात देव विचारतो, आई आपल्या तान्ह्याला विसरेल काय? आणि स्वतःच म्हणतो, ती विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही. तुला तळहातांवर कोरून ठेवलंय. आई विसरू शकते हे शास्त्रानं किती सरळ कबूल केलंय पाहा.

न्यूरॉन

मी विश्वास ठेवू शकत नाही. पण 'स्मृती गेली की माणूस गेला' हे मीही नातेवाइकांशी बोलून गेलो आहे, आणि ते शास्त्रानं सिद्ध केलेलं वाक्य नाही हे मान्य. यापुढे बोलणार नाही.

नगरी_माती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर देता आलं नाही, आईला ताप होता. आता उतरलाय.

पहाट आणि जुने_करार यांच्यातला मधल्या काळाचा वाद मला सुटलेला नाही. माझा कल जुने_करार यांच्याकडे आहे, ख्रिस्ताजवळ 'असण्या'च्या बाजूला. पण शेवटी दोघंही एकाच ठिकाणी पोचतात, कबरीतून उठणाऱ्या शरीरापाशी. पौलानं त्यासाठी बियाण्याचा दाखला दिलाय. पेरलं जातं ते प्राणमय शरीर, उठतं ते आध्यात्मिक. लहानपणी मला वाटायचं की आध्यात्मिक म्हणजे धुरासारखं काहीतरी. पण उठलेला येशू शिष्यांपुढे भाजलेला मासा खातो आणि हातापायांच्या जखमा दाखवतो. जखमा तशाच राहिल्या. तर मग बोटंही राहतील, असं मी मानतो.

पाळकांना फोन केला. वाद घालायला नाही, एवढंच विचारायला की आईच्या वेळेला 'कुडी सुटली' ऐवजी मतांगीकारातली ओळच म्हणाल का. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणेन. आणि तिची दुसरी ओळ तू म्हण."

आभाळमाया ताई, तुमचं ऐकलं. ओळखलंस का, हे आता घरात कोणी विचारत नाही. सकाळी ताट पुढे ठेवतो आणि शेजारी बसतो. काल तिनं माझ्या हातातले तांदूळ पाहिले, माझा चुकलेला एक खडा उचलून डावीकडे टाकला आणि म्हणाली, "लक्ष कुठंय तुझं?"

'तुझं' म्हणाली. 'तुमचं' नाही.